पिवळी बत्ती आनि ओलं गोनपाट

पहिल्यांदा मी ते बटन दाबलं तवा आमच्या आळीतल्या चार कोंबड्या कौलावर चढल्या. नव्या मुंबईतल्या बोनकोड्यात आता कौलाचं घर एकच उरलंय, त्याच घरावर चढल्या. समोरच्या बिल्डिंगमधला म्हातारा गॅलरीत पेपर वाचत होता, तो पेपर टाकून आत पळाला. आनि माझी ननंद माझ्याच ओट्यावर बशीतनं चा पीत बसली होती, तो सगळा चा तिच्या लुगड्यावर. आवाज एकच. ठाप! जसा कोनी भरलेला ड्रम गच्चीवरनं खाली सोडला.

"मेली काय गो मी?" ननंद ओरडली.

"मेलेलं मानूस चा झटकत नाय," मी बोलली.

मी घाबरायला पायजे होतं, पन मला हसायला आलं. गुडघे दुखत होते तरी तिथंच फरशीवर बसली आनि पोट धरून हसली. ननंद शिव्या देते, मी हसते. मंग तिला पन हसू फुटलं. घरवाला जाऊन आठ महिने झाले होते. आठ महिन्यांत तोंड हसलं असंल, पोट नवतं हसलं.

ती पेटी घरवाल्याची. अ‍ॅम्प्लिफायर बोलतात तिला, साऊंडवाले नुसतं 'अँप' बोलतात, मी पेटी बोलते. काळी, लोखंडाची, माझ्या मासळीच्या पाटीएवढी रुंद, वजनाला पाटीपेक्षा भारी. पुढं चालू-बंदचं एक बटन, दोन बाजूला आवाज वाढवायचे दोन गोल कान, मधी बारीक बारीक बत्त्या. मागं दोन पंखे, आनि वायरींचं जंजाळ. तिच्यावर दुसरी चपटी पेटी बसते, तो मिक्सर. माइकची वायर मिक्सरात, मिक्सरची पेटीत, पेटीची स्पीकरात. माइकमधनं आवाज येतो तो एवढुसा, सुकटातल्या जवळ्याएवढा. पेटी त्याचा पापलेट करते. एवढंच तिचं काम.

आमचं भात गेलं, खाडी मागं सरली, शहर झालं, तवा घरवाल्यानं हा साऊंडचा धंदा धरला. कुठं हळद, कुठं बारसं, कुठं सत्यनारायन. तो पेटी घेऊन जायचा, मी पाटी घेऊन. तीस वर्षं डोक्यावर पाटी वागवली. सकाळी धक्क्यावर, तिथनं बाजारात, दुपारी सेक्टर सेक्टरमधी दारोदार. एक मुलगी झाली, तिला उलव्याला दिली. मंग एका पावसाळ्यात घरवाल्याला कावीळ झाली, ती पोटात उतरली, आनि तो गेला. त्याच्या मागोमाग माझे गुडघे गेले. डॉक्टर बोलला, मावशी, उकिडवं बसायचं नाय आनि डोक्यावर वजन घ्यायचं नाय. मी बोलली, मंग मासे काय उभ्यानं विकू? तो बोलला, विकूच नका.

झालं. पाटी गेली, घरवाला गेला, राहिली पेटी. माझ्याच खाटेखाली, माझ्याच जुन्या लुगड्यात गुंडाळून.

माझा दीर, म्हंजे घरवाल्याचा धाकटा भाऊ, आता घरातला मोठा पुरुष तोच. मानूस वाईट नाय. पन त्याला प्रत्येक वस्तूची जागा लागते, आनि विधवा भावजयीची जागा त्यानं ठरवून टाकली होती, त्याच्या सैपाकघरात, त्याच्या ताटाच्या बाजूला. एक दिवस येऊन बोलला, "वयनी, ती पेटी देऊन टाकू. टेम्पोवाला वळखीचा हाय, घेऊन जाईल. तुमच्यानं काय व्हनार हाय ते? आवाजाचं काम बाईमानसाचं नाय."

"भावजी," मी बोलली, "तीस वर्षं मासळीबाजारात कोन वरडत होतं मंग? तुमी?"

तो चपला घालून निघाला. पन पेटीचा विषय सोडला नाय. त्याच्या पोरीचं लगीन ठरलं होतं, वैशाखातली हळद. लोकांनी डिजे सांगितला असता. मीच बोलली, घरची पेटी असताना भाड्याचा आवाज कशाला? मी लावीन.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. दीर हसला आनि मंग हसायचा थांबला, कारन मी हसत नवती.

"बरं," तो बोलला. "लावा. पन माझ्या पोरीची हळद हाय. दिवसभरात एकदा जरी आवाज बंद पडला ना वयनी, दुसऱ्या दिवशी दारात टेम्पो येनार आनि पेटी जानार. नाय पडला, तर मी त्या पेटीवर परत तोंड उघडनार नाय. मंजूर?"

"मंजूर," मी बोलली. आनि रात गेली तशी सकाळी पेटी बाहेर काढून बटन दाबलं. ठाप. कोंबड्या. चा. ते सगळं त्या सकाळचं.

पेटी रिक्षात घातली, खाली उशी, बाजूला मी, आनि पनवेलला घेऊन गेली. करंजाड्याच्या वाटेवर एक मिस्त्री बसतो. श्रीवर्धनकडचा मुसलमान, मराठी माझ्यापेक्षा चांगली बोलतो. घरवाल्याची पेटी तोच बघायचा. त्याला तो ठाप सांगितला.

"मावशी, तुमी बटन कसं दाबलंत ते आधी सांगा," तो बोलला.

"आंगठ्यानं."

मिस्त्री एवढा हसला की चष्मा टेबलावर पडला. मला काय कळेना. मंग त्यानं मला स्टुलावर बसवलं आनि पेटी पुढ्यात ठेवली. बोलला, आंगठ्याचा दोष नाय मावशी, क्रमाचा दोष हाय. तुमी खालची पेटी आधी चालू केलीत, दोन्ही कान फुल उघडे ठेवून, आनि वरचा मिक्सर मागनं. मिक्सर चालू होताना एक झटका मारतो. तो झटका उघड्या पेटीतनं गेला. वरचा आधी, खालचा मागनं. बंद करताना उलटं. खालचा आधी, वरचा मागनं. आनि चालू करताना कान कायम शून्यावर.

मी दुसरी शिकलेली. इंग्रजी अक्षरं माझ्यासाठी कोळंबीच्या मिशा. पन हे मला लगेच कळलं. मी बोलली, "म्हंजे होडी. धक्क्याला आल्यावर आधी दोर बांधायचा, मंग पाटी उतरवायची. निघताना आधी पाटी चढवायची, मंग दोर सोडायचा. उलटं केलं तर पाटी पान्यात."

मिस्त्रीनं चष्मा उचलून परत डोळ्यावर चढवला. "मावशी," तो बोलला, "मी पोरांना हे वह्या काढून शिकवतो. त्यांना नाय समजत."

"त्यांची पाटी पान्यात गेलेली नाय," मी बोलली.

मंग त्यानं बत्त्या सांगितल्या. हिरवी लुकलुकली म्हंजे आवाज येतोय, बरं चाललंय. लाल मारली म्हंजे पेटीला जास्त होतंय, आवाज फाटतोय, कान जरा मागं घ्यायचा. आनि पिवळी. पिवळी लागून राहिली म्हंजे पेटी रुसली. जीव वाचवायला तिनं तोंड मिटलं. "तवा तिला मारायचं नाय, बटन सतरा वेळा दाबायचं नाय. कान शून्यावर, बटन बंद. तिला श्वास घेऊ द्यायचा. मंग परत, पहिल्यापासून, सावकाश." मागच्या बाजूला एक बारकं सरकवायचं बटन होतं, त्याच्यावर त्यानं काळी पट्टी चिकटवली. बोलला, हे तुमच्यासाठी नाय, माझ्यासाठी पन नाय, ह्याला देव पन हात लावत नाय.

निघताना बोलला, "आनि मशीन थंड ठेवा मावशी. बस. थंड ठेवलंत की ती तुमाला कधी दगा देनार नाय."

मी मनात बोलली, लेकरा, मी आयुष्यभर दुसरं केलंय काय?

ह्या वाक्यानंच माझा घात केला, पन ते नंतर.

घरी आली तर दिराची पोरगी, नवरी, माझ्या दारात. ती मला मोठी आय बोलते. हातात नेलपॉलिशच्या बाटल्या. बोलली, "मोठे आय, सांग कुठं काय रंगवायचं." तिच्या हळदीवर टेम्पोची पैज लागली हे तिला कळलं होतं, आनि तिला बापाची लय मजा वाटत होती. आमी दोघी अर्धा दिवस बसलो. कानांच्या बाजूला जिथपर्यंत उघडायचं तिथं गुलाबी ठिपका. त्याच्यापुढं गेली तर मोठी आय मेली, असं बोलून तिथं तिनं लालभडक रेघ ओढली. मिक्सरवर लय बटनं. त्यातली तीन कामाची. एक फिरवलं की आवाज पोटातनं येतो, ते 'पोट'. एक फिरवलं की नाकातनं येतो, ते 'नाक'. आनि माइकचा आवाज वाढतो, ते 'तोंड'. पोटाला जांभळा, नाकाला चंदेरी, तोंडाला शेंदरी. चौथं एक बटन होतं, ते फिरवलं की बोललेलं परत परत येतं, विहिरीत वाकून बोलल्यासारखं. ते आमी दोघींनी पन्नास वेळा फिरवलं, त्यात बोललो काय ते मी लिहून देनार नाय, आनि हसून हसून तिचं काजळ उतरलं. शेवटी ते बटन रंगवायचं राहूनच गेलं.

पेटी तयार झाली, मी तयार झाली, नवरी कवाची तयार. तयार नवती एकटी ननंद.

माझी ननंद घरवाल्याची मोठी बहीन. पंच्याहत्तरीच्या वर, वीतभर बाई, आनि गावची धवलारीन. आमच्या आगरी लग्नात भटजी मागनं येतो, आधी धवलारीन लागते. ती धवला गाते आनि तिच्या गान्यावर लगीन पुढं सरकतं. मांडव तिनं गायल्याशिवाय उभा राहत नाय, हळद तिनं गायल्याशिवाय अंगाला लागत नाय. धवला एकदा सुरू केला की मधी तोडायचा नाय, मग आभाळ पडो. पन गेली काय वर्षं लोकांना धवलारीन लागते ती फोटोपुरती. बाजूला डिजे धडधडत असतो.

"मागच्या हळदीला मी गायली," ननंद बोलली, "नि माझ्या मांडीला मांडी लावून बसलेली नवरी मना विचारते, आजे, चालू कवा करनार? मी अर्धा धवला संपवला होता गो! आता मी नाय गायाची. तुमच्या त्या पेटीलाच गायला सांगा."

"पेटीला गाता येत नाय वन्स," मी बोलली. "पेटीला तुमी लागता. माइकवर गा. पेटीवर मी असनार. कोनाचा आवाज वर न्यायचा ते माझ्या हातात असनार, डिजेवाल्याच्या नाय."

"माइकनं आवाज शोषला जातो."

"कोन बोललं?"

"मीच बोलते."

तरी माइक हातात घेतला. एक शब्द गायली, आवाज समोरच्या स्पीकरातनं आला, तशी दचकली. आनि आपला आवाज निघतो कुठनं ते बघायला माइक घेऊन तरातरा त्या स्पीकरापुढंच गेली. कुईईईई! काय ती किंचाळी! कोंबड्या परत कौलावर. मी कान मागं घेतला, पन ननंद माइक सोडायला तयार नाय, स्पीकराला बोलते, "गप! गप मेल्या!" आनि ते 'गप मेल्या' सगळ्या सेक्टरला ऐकू गेलं. गॅलरीतला म्हातारा दुसऱ्यांदा आत पळाला. त्याच्यानंतर मी एक शिकली, माइकवाली कायम स्पीकराच्या मागं बसवायची, पुढं कधी नाय. आनि ननंद पन एक शिकली. तिचा आवाज अख्ख्या सेक्टरला जातो, हे. दुसऱ्या दिवशी स्वतःच आली. "जरा तो दांडा दे गो. घसा मोकळा करते."

हळदीचा दिवस उजाडला. काय ऊन होतं त्या दिवशी! मांडव दोन बिल्डिंगच्या मधी, वारा यायला फट नाय. सकाळी उंबराची फांदी वाजतगाजत आनली, तवापासनं पेटी चालू. मी प्लास्टिकच्या खुर्चीत, पुढ्यात टेबल, टेबलावर पेटी, पेटीवर मिक्सर. कपाळाला कुंकू नाय, पन डोक्यात बायकांनी एक अबोलीचा गजरा खोचला, मी तो राहू दिला. वरचा आधी, खालचा मागनं. हिरवी लुकलुकली. बस, मंग दिवसभर मी राजा.

खरं सांगते, तो दिवस मला दारू प्यायल्यासारखा गेला. मी दारू कधी प्यायली नाय, पन अशीच असनार. एक बोट फिरवलं की शंभर बायका नाचतात. बोट मागं घेतलं की शंभर बायका माझ्याकडं वळून हात करतात, "ओ काकी! वाढवा ना!" तीस वर्षं मी दारोदार वरडली, 'घ्या गो, ताजे हायत,' आनि दारं लागून जायची. आनि हितं एक बोट! पोट जरा वाढवलं तर मांडवाच्या पत्र्यावरची धूळ नाचायला लागली. दीर अधून मधून यायचा, पेटीकडं बघायचा, पंख्याचा आवाज ऐकायचा, आनि परत जायचा. मी त्याला खारे दाने द्यायची.

चार वाजून गेले. अंगनात बायका उखळात हळद कुटायला बसल्या, ननंद पाटावर, हातात माइक, नवरी तिच्या मांडीला टेकून. ननंदेनं धवला धरला. आनि काय आवाज गो! पान्यावरनं होडी यावी तसा आला. सगळे थांबले. नाचनारे पन थांबले. नवरीनं डोळे मिटले.

मी सहज पेटीच्या झाकनाला हात लावला. चटका बसला. तव्यासारखी तापली होती पेटी.

मशीन थंड ठेवा मावशी. बस.

आता मला सांगा, तीस वर्षं ज्या बाईनं वैशाखातल्या उन्हात पापलेट ताजं ठेवलंय, तिला थंड कसं ठेवायचं हे कोनी शिकवायचं काय? बाजूला पान्याच्या पिंपावर गोनपाट होतं. ते घेतलं, भिजवलं, आनि पिळलं. घट्ट पिळलं, एक थेंब पडू नये असं, मी काय येडी नाय, विजेची पेटी हाय हे मला माहीत होतं. मिक्सर उचलून टेबलावर बाजूला ठेवला. पेटीवर गोनपाट पसरलं. आनि बाजारात करते तसं चारी बाजूंनी खाली खोचलं, पुढनं, मागनं, दोन्ही कडंनं, एक माशी आत जाऊ नये असं.

माशी गेली नाय. हवा पन गेली नाय. ते मागचे दोन पंखे बिचारे गोनपाटाला ढुसन्या द्यायला लागले. मी समजली, पेटी खूश झाली.

मंग गोनपाटातनं वाफ यायला लागली. चुलीवरच्या भातासारखी. मी पुढची बाजू वर करून बघितलं. पिवळी.

आनि आवाज गेला.

मांडव एवढा मोठा, आनि त्यात कायच नाय. एक लेकरू कुठंतरी पेप्सीकोला चोखत होतं, ते ऐकू आलं. मी मान वर केली तर समोर दीर. मांडवाच्या त्या टोकाला उभा, माझ्याकडंच बघतोय. त्याच्या तोंडावर राग नवता. 'मी बोललो होतो ना वयनी' एवढंच होतं. आनि मला दिसला तो टेम्पो, आनि त्याच्या सैपाकघरातला माझा पाट.

पन एक गोष्ट थांबली नवती. ननंद. आवाज गेला तरी तिनं नजर पन वर केली नाय. धवला मधी तोडायचा नाय, ती पुढं गात राहिली. माइक तिच्या हातात तसाच, मेलेल्या मासळीसारखा. वीतभर बाईचा उघडा आवाज. उखळावरच्या बायकांनी मुसळ हवेतच थांबवलं. पुढच्यांनी मागच्यांना श्श केलं. त्या लेकराची पेप्सीकोला त्याच्या आईनं काढून घेतली.

धवला चालू हाय तवर मला वेळ हाय. गानं संपलं की सगळे पेटीकडं बघनार.

माझे हात गुडघ्यांसारखे नायत, माझे हात अजून चांगले हायत. दोन्ही कान शून्यावर. खालचं बटन बंद. वरचा मिक्सर चालूच ठेवला, दोर बांधलेला ठेवला. गोनपाट ओढून काढलं, खाली फेकलं. कोरड्या पदरानं पेटी पुसली. बाजूला तांदूळ पाखडनाऱ्या बाईच्या हातातनं सूप घेतलं आनि पेटीच्या मागं धरून हानायला लागली, वारा, वारा, वारा. एवढं सूप मी सुकट पाखडताना पन हानलं नाय. त्या सुपात उरलेले चार तांदूळ उडून पेटीवर पडले, अक्षता पडल्यासारखे. बाजूची बाई बोलते, "काकी, पेटीचं पन लगीन हाय काय?" मला त्या भीतीत पन हसायला आलं. जीव घशात आनि हसू नाकात, असं झालं.

एक कडवं झालं. ननंद दम घेते. दुसरं कडवं झालं. पेटीला हात लावला, कोमट. धवल्याचं शेवटचं कडवं राहिलं होतं.

बटन दाबलं. पिवळी. पिवळीच. मी बटनाला परत हात लावला नाय, मिस्त्रीचं ऐकलं. आतमधी कायतरी 'टिक' झालं, आनि पिवळी गेली.

आता कान. एकदम उघडला असता तर ननंदेचा आवाज धाडकन आला असता आनि अख्ख्या मांडवाला कळलं असतं. मी तो कान असा फिरवला, असा, जशी मांजर झोपलेल्या मानसाच्या पायाशी येऊन बसते. केसभर. मंग अजून केसभर. ननंदेचा उघडा आवाज आनि पेटीतला आवाज एकमेकांत मिसळले. भरती खाडीत शिरते तवा कुठल्या पावलाला पानी लागलं हे कोनाला सांगता येतं? गुलाबी ठिपक्याला आली तवा धवला संपला. बायकांनी मुसळ खाली घातलं, धम्म. आनि मांडवभर एकच ओरडा. हळद उधळली.

दीर तरातरा माझ्याकडं आला. "वयनी. बंद पडली होती ना?"

मी तोंड उघडायच्या आत स्पीकरातनं आवाज आला. दोन्ही खांबांवरनं, आळीभर, सेक्टरभर. ननंदेच्या हातात माइक अजून चालूच होता. "कोन बोलतंय रे तिकडं? काय बंद पडलं? माझा धवला तुटला काय? सांग ना आता सगळ्यांसमोर, बायचा धवला तुटला का?"

दीर बिचारा मांडवाच्या मधी. धाकटा भाऊ तो. "नाय गो बाय, तुटला नाय..."

"मंग गप बस नि हळद लावून घे!"

बायका तयारच होत्या. चार जनींनी धरला, पाचवीनं हळद. तोंडाला, कानाला, टकलाला. नवरी बापाच्या अंगावर पडून हसते. मी पोट वाढवलं.

पन मी शब्द दिला होता, आनि शब्द दिलेला मानूस हळदीत लपून चालत नाय. हळद पुसत पुसत तो परत आला तवा मी उभी राहिली. बोलली, "भावजी, पडली होती. पेटीनं नाय पाडली, मी पाडली. गोनपाटानं." आनि ते ओलं गोनपाट उचलून त्याच्या हातात दिलं.

त्यानं गोनपाट बघितलं. पेटी बघितली. परत गोनपाट. "ह्याच्यात... गुंडाळलीत?"

"खोचली. चारी बाजूंनी."

त्याच्या पिवळ्या तोंडावर कायतरी हललं. मंग तो खाली बसला. खरंच खाली बसला, आनि हसायला लागला. "आय पन अशीच करायची," तो बोलला. त्यांची आई, माझी सासू. "रेडिओ तापला की त्याच्यावर ओला पंचा टाकायची. दोन रेडिओ मारले तिनं." आनि मला म्हंजे काय बोलू, मला तर रडायला पन आलं आनि हसायला पन, आनि दोन्ही बाहेर येताना दारात अडकलं.

जाताना बोलला, "पन वयनी, बोललो ते बोललो. बंद पडली. उद्या टेम्पो येनार."

मी मान हलवली. ठरलं ते ठरलं. घरी गेली, पेटी पुसली, लुगड्यात गुंडाळली, दारात आनून ठेवली. ठिपके तेवढे खरवडले नाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो आला. दीर पुढच्या सीटवर, कानामागं हळद तशीच. उतरला, एका बाजूनं पेटी त्यानं धरली, दुसऱ्या बाजूनं ड्रायव्हरनं. स्पीकर चढवले. खांब चढवले. मी ओट्यावर उभी, बघत. मंग तो खाली आला आनि टेम्पोचं पुढचं दार उघडून उभा राहिला.

"बसा ना वयनी. उशीर होतोय. करंजाड्याला हळद हाय, कालच्या मांडवातले पाव्हने होते, त्यांनी सांगितलंय. पेटी जानार बोललो होतो. एकटी जानार असं कुठं बोललो?"

मी चपला घातल्या. गुडघे वाकवून सीटवर चढायला गेली तर आत आधीच कोनीतरी बसलं होतं. वीतभर बाई, नवीन लुगडं, मांडीवर माइक, पदरात गुंडाळलेला.

"गोनपाट घेतलंस?" ननंद बोलली.

"नाय वन्स."

"बरं केलंस. नि ते विहिरीतलं बटन? तुमी दोघी माझ्या मागं फिरवत होत्या ते? आज मना ते पायजे."